अठ्ठाविसांतला अकरावा

मागची सीट उचलली की खाली दिसतात
अठ्ठावीस करडे डबे, खांद्याला खांदा लावून.
जपानात अकरा वर्षं, इथे उलानबातरात सहा.
काचेवर अजून सप्पोरोच्या कुठल्याशा बालवाडीचं स्टिकर,
पंख्याच्या जाळीत मात्र आमच्याकडची उंटाची लोकर,
सिगारेटची राख, वाळल्या दह्याचा एक खडा.

टॅक्सीवाला गोंचिग माझ्या कंटेनरच्या दारातच उभा.
"म्हातारी झाली का गं गाडी, डेल्गेरमा?"
थांब. विचारते एकेकाला.

विचारायचं म्हणजे काय,
हेडलाइटचा जुना दिवा जोडायचा
आणि दोन मिनिटं आकड्याकडे बघत बसायचं.
धड असलेला डबा ओझं घेतो, थोडा वाकतो,
मग तिथेच थांबतो.
गेलेला आधी भलत्याच तोऱ्यात: सात पूर्णांक नऊ,
पाहुण्यांसमोर ताठ बसलेल्या आजारी माणसासारखा.
दिवा लावला की चाळीस सेकंदांत घसरतो.
व्होल्ट हा नुसता चेहरा.
आत किती उरलंय
ते खर्च केल्याशिवाय कळत नाही.

अकरावा गेलेला.
पंधरावा पोट फुगवून बसलेला.
बाविसावा हो-नाही, हो-नाही.
एका माळेत ओवलेल्यांचं असंच:
वीज सगळ्यांतून एकच वाहते,
एक आधी रिकामा झाला
तरी बाकीचे त्याच्यातून ढकलतच राहतात,
पार उलटा होईपर्यंत.
गोंचिगला हे समजावलं. तो म्हणाला,
"माझा धाकटा भाऊ असाच आहे."
मी तांब्याच्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज
व्हिनेगरनं घासत राहिले.

तीन बदलले. पंचवीस तसेच.
किती चालेल?
एक हिवाळा, मी म्हणाले.
दोन, असं त्यानं ऐकलं.

बाद झालेल्यांवर मी मार्करनं आकडा लिहिते.
नवा होता तेव्हा साडेसहा हजार.
आता ३१००. २७५०. २४००.
कोपऱ्यात ढीग साठतो.
गाडी ओढण्याच्या कामाचे नाहीत,
पण सगळ्यांनीच घाट चढावा असं कुठे लिहिलंय.

फेब्रुवारीत त्यांतले सहा ब्लँकेटात गुंडाळून
बाबांकडे नेले, दोनशे ऐंशी किलोमीटर.
बाबा पूर्वी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते,
काचेच्या बरण्यांतल्या ॲसिडला
रोज सकाळी डिस्टिल्ड पाणी पाजायचे.
त्या काळच्या कोटाच्या बाहीला अजून भोकं आहेत.
शहरात या म्हटलं तर येत नाहीत.
डॉक्टरनं हृदयाचा आकडा सांगितला, पस्तीस टक्के,
तर विचारतात, "कशाच्या?"

दोन-दोनांची जोडी, अशा तीन जोड्या.
छपरावरच्या सोलर पॅनेलची तार आत घेतली.
बाहेर उणे छत्तीस.
अशा थंडीत आतलं रसायन आळसावतं,
असलेलंही देत नाही.
मी डबे दाराशी मांडत होते;
बाबा काही न बोलता उठले
आणि एकेक उचलून शेगडीपासून हातभर लांब,
नमद्यावर, कालच जन्मलेल्या कोकरांच्या
रांगेत नेऊन ठेवला.
मध्ये दोनदा थांबले, दम घ्यायला.
मी पाहिलं नाही असं दाखवलं.

रात्री दिवा जरा पिवळा पडला.
त्या उजेडात त्यांनी कोकरं मोजली. चार.
पुन्हा मोजली.
"अगं, यावर चोवीसशे लिहिलंय. म्हणजे?"
म्हणजे निम्म्याहून कमी, बाबा.
त्यांनी डबा तळव्यानं चाचपला. कोमट होता.
"उन्हाळा आला की सावलीत हलवू यांना," एवढंच म्हणाले,
आणि नारिंगी वायर चघळत बसलेल्या कोकराच्या
तोंडातून ती हळूच ओढून काढली.